चिल्काला निघालेल्या मुलाच्या आईला

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न असा: मुलाची नौदलात अग्निवीर एसएसआर (बारावीनंतरची नाविक भरती) म्हणून निवड झाली आहे, थोड्याच महिन्यांत त्याला ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या ट्रेनिंग केंद्रात जायचं आहे. शेजारी एक निवृत्त नौसैनिक राहतात. ते ट्रेनिंगच्या आठवणी सांगतात तेव्हा मुलगा ऐकत बसतो आणि नंतर जेवत नाही. "खरंच एवढं कठीण असतं का, आणि जाण्याआधी त्याच्याकडून काय करून घेऊ?"

ताई,

तुमचे शेजारी खोटं सांगत नाहीत. रगडा, म्हणजे अंग मोडणारी शिक्षा, असतो. आमच्या वेळी होता, आजही आहे. भर दुपारी रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला फेऱ्या, फ्रंट रोल, कोपरांवर सरपटणं, एकाच्या चुकीसाठी सगळ्या डिव्हिजनला, म्हणजे तुकडीला, पळवणं. हे सगळं मी १९८९ साली स्वतः केलंय. पुढे पेटी ऑफिसर, म्हणजे पीओच्या हुद्द्यावर, आल्यावर तीन वर्षं तिथेच इन्स्ट्रक्टर होतो, तेव्हा दुसऱ्यांकडून करून घेतलंय. एकूण २७ वर्षं नौदलात काढून आता वास्कोला सड्यावर राहतो, आणि भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी धावायला येतात त्यांच्याबरोबर असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आम्ही माजी नौसैनिक एकत्र जमलो की रगड्याच्याच गोष्टी निघतात, कारण त्या सांगायला सोप्या असतात. त्यात ऊन असतं, घाम असतो, ओरडणारा इन्स्ट्रक्टर असतो. पण ट्रेनिंगच्या १६ आठवड्यांचे तास मोजले तर रगड्याचा वाटा फार थोडा निघतो. बाकीचा वेळ जातो कपडे धुण्यात, इस्त्रीत, वर्गात, जेवणाच्या रांगेत, गाठी मारण्यात, पोहण्यात, परेडमध्ये आणि झोपेशी झगडण्यात. "मी त्या दिवशी पांढरा शर्ट डाग न ठेवता धुतला" ही गोष्ट कोण कुणाला सांगणार? तरी माझ्या मते खरं ट्रेनिंग तेच होतं. तुमच्या मुलाने रगड्याची भीती बाळगू नये. ज्या एका गोष्टीची बाळगावी, ती रगड्याच्या गोष्टींत कधीच येत नाही. तिच्याकडे येतोच.

आधी तिथलं चित्र डोळ्यांपुढे आणून देतो. आयएनएस चिल्का १९८० साली सुरू झालं. त्याआधी नौदलात येणाऱ्या पोरांचं ट्रेनिंग विशाखापट्टणमला व्हायचं. जागा चिल्का सरोवराच्या काठावर, बालुगाव स्टेशनाजवळ. आपल्या चिल्का या शब्दात भीती भरलेली असली तरी मूळ सरोवर फार सुंदर आहे: निमखारं पाणी, हिवाळ्यात लाखो पक्षी, आणि नशीब असेल तर इरावडी डॉल्फिन. मी गेलो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. म्हापशाहून कदंबच्या बसने मुंबई, तिथून गाड्या बदलत, लोखंडी ट्रंक सांभाळत ओडिशा. आता वास्कोहून कोलकात्याकडे जाणारी अमरावती एक्स्प्रेस थेट त्या मार्गाने जाते, आणि शेवटच्या टप्प्यात खिडकीतून सरोवर दिसायला लागतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा आमच्या शापोरा नदीचं मुख आठवलं आणि घसा दाटून आला. मुलाला सांगून ठेवा, ते पाणी दिसलं की मन हलतं. सगळ्यांचंच हलतं.

पहिले पंधरा दिवस सर्वांत कठीण. शरीराला कठीण म्हणत नाही मी. घरी तो कुणीतरी असतो: आईचा मुलगा, वर्गातला हुशार, गावच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. तिथे केस उतरले, एकसारखे कपडे अंगावर आले, प्रत्येक कपड्यावर नाव आणि नंबराचा शिक्का बसला, की शेकडो पोरांत तो एक होतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत जायचं नाही, डबल म्हणजे धावत जायचं. जेवण पाच-सात मिनिटांत उरकायचं. गोव्याच्या पोराला शीत-कढीची सय येते, आणि ताटात येतात चपात्या, डाळ, भाजी. मासे मिळतात, पण आपल्या हातचे नव्हेत. पंधराव्या-विसाव्या दिवसापर्यंत भूक एवढी लागायला लागते की चवीची आठवण मागे पडते.

रात्री पाइप डाउन, म्हणजे झोपण्याचा हुकूम झाला, दिवे गेले, की पोरं रडतात. चादर तोंडावर घेऊन, आवाज न करता. मीही रडलो. इन्स्ट्रक्टर झाल्यावर राउंडला जायचो तेव्हा दाराबाहेर थांबूनच ते कळायचं. मी मुद्दाम बूट जोरात आपटत आत शिरायचो, म्हणजे डोळे पुसायला अवधी मिळे. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वेळचे पीओ तसं करायचे, आणि ते का करायचे हे मला बारा वर्षांनी, त्यांच्या जागी उभं राहिल्यावर समजलं. ही आठवण तुमच्या शेजाऱ्यांनाही असेल. विचारून बघा.

आता तयारी. भरतीच्या चाचणीत त्याने १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत काढले असतील, उठाबशा आणि पुश-अप मारले असतील. निवड झाली की पोरं धावणं सोडतात, हीच मोठी चूक. मधल्या महिन्यांत लग्नं, पार्ट्या, सत्कार, आणि मग तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात रोजचं धावणं, कडक ड्रिल बूट, काँक्रीटच्या परेड ग्राउंडवर टाच आपटणं. हाडाला एवढ्या भाराची सवय नसते. नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. विश्रांती घेतली की थांबतं, धावलं की परत येतं. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर ती हाडाला पडणारी बारीक चीर असू शकते. तेव्हाच थांबलं तर काही आठवड्यांत बरं होतं. अंगावर काढलं तर चीर वाढते, आणि पोरगा रेलिगेट होतो. रेलिगेट म्हणजे आपली बॅच पुढे जाते आणि आपण मागून येणाऱ्या बॅचबरोबर राहतो. ट्रेनिंगमध्ये पोरं रगड्याला भीत नाहीत एवढी या शब्दाला भितात.

म्हणून आजपासून धावणं सुरू ठेवायचं, पण आठवड्याला थोडं थोडं वाढवत. सगळं वाळूवर नको. मऊ वाळूत पोटरीला चांगला व्यायाम होतो पण हाडाला कडक जमिनीची सवय लागत नाही. निम्मं रस्त्यावर, निम्मं मातीवर. तुमच्याकडून फोंडा लांब नाही. आठवड्यातून एकदा फर्मागुडीचा चढ चढायला सांगा. उतरताना चालत उतरायचं, गुडघे वाचतात. सकाळी नाचणीचं तिझान द्या, दूध द्या. पावडरींचे डबे विकत घेऊ नका.

पोहण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण गोव्याची पोरं इथेच फसतात. "आम्हाला पोहता येतं," म्हणतात. येतं, पण नदीतलं. डोकं वर ठेवून, चार हात मारून काठ गाठायचा. तिथे उंचावरून सरळ पाण्यात उडी मारायची असते, ठरावीक अंतर कापायचं असतं आणि मग काहीही न धरता पाण्यात तरंगत राहायचं असतं. न पोहता येणारा पोरगा तिथे शिकतोच, रोज वेगळा वेळ देऊन शिकवतात. अर्धवट येणाऱ्याला मात्र चुकीची सवय मोडायला जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर पणजीला कांपालच्या तलावावर महिनाभर पाठवा. आणि हात जोडून सांगतो, सरावासाठी डिचोली-साखळीकडच्या बंद खाणींच्या खंदकांत उतरू देऊ नका. त्या पाण्याची खोली वरून कळत नाही, कडा खचतात, आणि आत गेलेल्याला वर यायला पाय रोवायला जागा नसते.

भाषेची काळजी करू नका. घरी कोंकणी, शाळेत मराठी, सिनेमातून हिंदी, एवढी शिदोरी पुष्कळ आहे. परेडचे हुकूम हिंदीत, बोटीचे आणि जहाजाचे शब्द इंग्रजीत. दोन-तीन आठवड्यांत कान बसतो. लेखी परीक्षा असतात आणि त्यांत नापास झालं तरीही मागे राहावं लागतं, हे बरेच जण विसरतात. गणित-भौतिकशास्त्राची बारावीची पुस्तकं तेवढी रद्दीत घालू नका.

काही पालक विचारतात, नाविकाला एवढी परेड आणि बंदूक कशाला? गोव्याच्या माणसाने तरी हे विचारू नये. १८ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावर उतरलेली तुकडी नौदलाचीच होती, आयएनएस त्रिशूल आणि आयएनएस म्हैसूर या जहाजांवरची. बोटींतून किनाऱ्याला लागून, हातात शस्त्र घेऊन पोरं वर चढली, आणि आपल्या मुक्तीसाठी त्यांतले ७ जण परतले नाहीत. वास्कोच्या आयएनएस गोमंतकमध्ये त्यांचं स्मारक आहे. मी वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन उभा राहतो. बोट वल्हवणं, किनाऱ्याला लावणं, रायफल कोरडी ठेवणं, या ज्या गोष्टी चिल्कात कंटाळा येईपर्यंत करून घेतात, त्या त्या दिवशी लागल्या होत्या.

बोटीवरूनच आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आम्हाला व्हेलर नावाची लाकडी बोट शिकवायचे. पाच जण वल्ही मारणार, एक जण सुकाणूवर. मी पेडण्याचा, लहानपणापासून होडीत वाढलेला, त्यामुळे मला वाटायचं, मला कोण काय शिकवणार. पण होडीत आपण पुढे बघून वल्हवतो. व्हेलरमध्ये पाठ पुढे आणि तोंड मागे. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, फक्त सुकाणूवरचा दिसतो, आणि पाचही वल्ही एका क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. वल्हं माझ्या उंचीच्या दुपटीहून लांब. ते बोटीच्या काठावर एका धातूच्या दुबेळक्यात बसतं, त्याला क्रच म्हणतात. प्रत्येक क्रचला बारीक दोरी असते, ती बोटीला बांधायची, म्हणजे क्रच निसटला तरी पाण्यात जात नाही.

एका संध्याकाळी बोट बांधून ठेवताना माझ्या हातून क्रच निसटला. दोरी मी बांधलीच नव्हती. पाणी फार खोल नव्हतं, पण तळाला चिखल. गेला तो गेला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी शेजारच्या बोटीतला क्रच काढला, आमच्या बोटीत ठेवला आणि फॉलिनला, म्हणजे रांगेत हजर राहायला, धावलो. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारची बोट पाच पोरांना घेऊन निघाली. एका वल्ह्याला क्रच नाही हे त्यांना काठापासून दूर गेल्यावर कळलं. परत फिरण्याऐवजी चार वल्ह्यांवर पुढे गेली. दुपारी सरोवरावर वारा चढला. एका बाजूला जोर कमी, त्यामुळे बोट वाऱ्याला तोंड देईना, आडवी व्हायला लागली आणि पाणी आत यायला लागलं. मोटरबोट गेली आणि त्यांना ओढून घेऊन आली. कुणाला इजा झाली नाही. त्यांतला एक राजस्थानचा पोरगा होता, ज्याने समुद्र सोडाच, मोठी नदीसुद्धा आधी पाहिली नव्हती. काठावर उतरल्यावर तो वाकून हातांनी जमीन चाचपत होता. ते हात मला अजून दिसतात.

पीओंनी विचारलं, क्रच कुणी काढला? कुणी बोललं नाही. मग दोन्ही बोटींच्या पोरांना वल्ही खांद्यावर घेऊन पळवलं. पहिली फेरी, दुसरी फेरी. तो राजस्थानचा पोरगा ओल्या कपड्यांनी माझ्या पुढे धावत होता. तिसऱ्या फेरीत मी रांगेतून बाहेर आलो.

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पीओंनी बाकीच्यांना पाठवून दिलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "क्रच गिरा, कोई बात नहीं. स्टोअर में और पड़े हैं. छुपाया क्यूँ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला महिनाभर रोज संध्याकाळी सगळ्या बोटींचे क्रच आणि त्यांच्या दोऱ्या मोजून त्यांना सांगण्याचं काम दिलं. रोज. रविवारीही. बास, एवढीच शिक्षा. पळवलं नाही, लोळवलं नाही.

ताई, चिल्कात जे घडवतात ते हे. चूक होऊ नये म्हणून तर शिकवतातच, पण अठरा वर्षांच्या पोराकडून चुका होणारच हे प्रत्येक इन्स्ट्रक्टरला माहीत असतं. मोडायची असते ती लपवण्याची सवय. आपण पोरांना घरी, शाळेत, नकळत लपवायलाच शिकवलेलं असतं. काच फुटली तर मार, मार्क कमी पडले तर बोलणी. तो शिकतो की पकडलं गेलं नाही म्हणजे चूक झालीच नाही. जहाजावर असं चालत नाही, कारण चूक लपते, पाणी लपत नाही.

याचा पडताळा मला अनेक वर्षांनी आला. एका जहाजावर मी चीफ, म्हणजे पीओच्या वरच्या हुद्द्यावर, होतो. रात्री दोनच्या सुमाराला एक नवीन पोरगा माझ्या बंकपाशी येऊन उभा राहिला. चिल्काहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. म्हणाला, "चीफ, संध्याकाळी खाली काम केलं, तिथला व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की नाही आठवत नाही. बहुतेक केलाय. पण खात्री नाही." मी त्याच्याबरोबर खाली गेलो. व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता आणि तळाच्या बिल्जमध्ये घोट्याच्या वर पाणी आलं होतं. पंप लावून काढलं, नोंद केली, झालं. सकाळपर्यंत तसंच राहिलं असतं तर तिथल्या मोटरी पाण्याखाली गेल्या असत्या आणि जहाज भर समुद्रात अर्धं पांगळं झालं असतं. त्या पोराला झोप आली होती, तो थकला होता, आणि "बहुतेक केलाय" म्हणून कूस बदलणं फार सोपं होतं. मी त्याला फक्त एक विचारलं, घाबरला नाहीस का मला उठवायला? म्हणाला, "घाबरलो. म्हणूनच दहा मिनिटं उशीर झाला." त्या दहा मिनिटांबद्दलही त्याने खरं सांगितलं.

किट मस्टर हाही याच शिक्षणाचा भाग आहे. पलंगावर सगळं किट ठरलेल्या क्रमाने मांडायचं, एक मोजा कमी असेल तर कमी आहे म्हणून सांगायचं. शेजाऱ्याचा मोजा उचलून आपली संख्या पूर्ण करणारा पोरगा त्या दिवशी सुटतो. इन्स्ट्रक्टर असताना माझं लक्ष मोज्यांपेक्षा डोळ्यांकडे जास्त असे.

दुखणं लपवणं हा त्यातला सर्वांत महागात पडणारा प्रकार. माझ्या डिव्हिजनला एक पोरगा होता, धावण्यात पहिल्या पाचांतला. सहाव्या आठवड्यापासून त्याची चाल बदलली. विचारलं तर, "ठीक हूँ सर." रेलिगेट होऊ नये म्हणून तो रात्री नडगीला फडकं घट्ट बांधून झोपायचा. एके सकाळी क्रॉस कंट्रीत तो बसला तो उठलाच नाही. आयएनएचएस निवारिणी हे नौदलाचं इस्पितळ तिथेच आहे, तिथे प्लॅस्टर लागलं. आधी सांगितलं असतं तर थोडी विश्रांती आणि हलकं काम यावर निभावलं असतं. आता बॅच गेली. तो मागून आलेल्या बॅचबरोबर पास झाला, चांगला नाविक झाला. पण आपली बॅच परेड करत असताना कुबड्या घेऊन बाजूला उभा होता, ते त्याच्या आईवडिलांनीही पाहिलं. मला आजही वाटतं, मी आणखी एकदा विचारायला हवं होतं, आणि जास्त मायेने.

कडक माणसं असतात ती, पण निर्दय नसतात, हे सांगायला एक चवथीची आठवण सांगतो. १९८९ ची चवथ आमच्या ट्रेनिंगमध्ये आली. गोव्याच्या माणसाला दिवाळी चुकली तर चालते, चवथ चुकत नाही. गोव्याचे, सिंधुदुर्गाचे, रत्नागिरीचे मिळून आम्ही सहा-सात जण होतो. मूर्ती नव्हती, एकाच्या पाकिटात गणपतीचं छोटं चित्र होतं, ते ट्रंकेवर ठेवलं. आणि आम्हा गोंयकारांना माटोळीशिवाय, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांशिवाय, चवथ वाटेना. घरी वडील रानातून कांगला, घागऱ्या आणि काय काय आणून टांगायचे. आम्ही दोन पलंगांच्या मध्ये सरावाची दोरी ताणली आणि तिला गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, मागून आणलेली दोन वांगी, एक काकडी, चार हिरव्या मिरच्या आणि बाहेरच्या झाडाची पेरूची डहाळी टांगली. हलक्या आवाजात आरती सुरू केली आणि पीओ दारात.

आम्ही गप्प. ते पुढे आले, दोरी बघितली. पलंगाच्या लोखंडाला मारलेल्या गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "यह क्लोव हिच किसने मारी?" मी म्हटलं, मी. त्यांनी वांगी-काकडी तशीच ठेवून गाठ सोडली, पुन्हा मारून दाखवली, मला मारायला लावली, खेचून पाहिली. मग टोपी काढून चित्राला नमस्कार केला आणि म्हणाले, पाइप डाउनच्या आधी आटपा. ते केरळचे होते. त्यांना माटोळी म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी आजही दर चवथीला घरच्या माटोळीची दोरी त्याच गाठीने बांधतो.

अग्निवीरांच्या चार वर्षांच्या मुदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. त्याआधी एसएसआरचं चिल्कातलं ट्रेनिंग २२ आठवड्यांचं असायचं, आता १६. सहा आठवडे कमी म्हणजे दिवस जास्त भरलेला. म्हणूनच तयारी घरून करून नेण्यावर मी एवढा भर देतोय. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करतात. बाकीचे सेवानिधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, घेऊन बाहेर येतात. माझं मत विचाराल तर मुलाने पहिल्या दिवसापासून कायम होण्याच्या हिशेबाने काम करावं आणि त्याचबरोबर पुढचं शिक्षणही सुरू ठेवावं. पगाराचा पहिला आकडा बघून घरात मोटारसायकलचा हप्ता सुरू करू नका. पहिल्या वर्षी महिना ३०,००० धरतात, पण त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणून हातात २१,००० येतात.

जाता जाता, तुमच्या गावातल्या मुलींनाही हे वाचून दाखवा. मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली बॅच चिल्काहून बाहेर पडली, सुमारे २,६०० जण, आणि त्यांत २७० च्या वर मुली होत्या. सूर्यास्तानंतर दिव्यांच्या प्रकाशात झालेली ती पहिली परेड. आमच्या वेळी जहाजावर नाविक म्हणून मुलगी येईल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता. त्या परेडचं चित्रण बघताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. मुलाला "नाक कापू नकोस" म्हणून पाठवू नका. हे वाक्य घेऊन आलेली पोरंच दुखणी लपवतात. "नाही जमलं तर परत ये" असंही सांगू नका. पहिल्या पंधरा दिवसांत ते वाक्य रोज रात्री कानात वाजतं. घरच्या वाईट बातम्या, म्हाताऱ्यांची आजारपणं, जमिनीची भांडणं, त्याला पहिल्या महिन्यात कळवू नका. खरंच गंभीर असेल तर कळवण्याची रीतसर सोय असते. फोन रोज हातात नसतो, ठरलेल्या वेळी मिळतो, रांग असते, दोन-चार मिनिटं मिळतात. फोन आला नाही म्हणून घाबरू नका. ट्रंकेत सुकी मासळी भरून देऊ नका, वास सगळ्या मेसडेकला, म्हणजे राहायच्या जागेला, लागतो. पायांच्या बोटांत टाकायची पावडर द्या, ओल्या मोज्यांनी चिखल्या होतात. घरी असेपर्यंत स्वतःचे पांढरे कपडे स्वतःच्या हाताने धुवायला आणि नीळ घालायला लावा. आपल्या तांबड्या मातीचा डाग ज्याला काढता आला त्याला तिथला कुठलाही डाग काढता येईल.

आणि तो पहिला फोन येईल तेव्हा "जेवलास का" विचारण्याआधी "पाय कसे आहेत" विचारा. "ठीक" म्हणाला तर पुन्हा विचारा. दुखतंय म्हणाला तर हळहळू नका, रडू नका. "सिक बेला, म्हणजे दवाखान्यात, कधी जातोस?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. जाण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी साडेपाचला त्याला सड्यावर पाठवून द्या. बूट घालून यायला सांगा, चपला नकोत. बोलाइन आणि क्लोव हिच या दोन गाठी मी शिकवून पाठवतो.